थंड गाडी चोक मागते



या पुस्तिकेच्या आधीच्या घटकांत आपण अर्थविस्तार, अर्थसंकोच आणि अर्थांतर यांची लक्षणे वाचली असतील. परीक्षेच्या धाकाने पाठही केली असतील. मी आता सांगणार आहे ते मात्र एका स्कूटरविषयी आहे, आणि तिच्या आसनाखालच्या बोटभर खुंटीविषयी. त्या खुंटीला आपण सारे 'चोक' म्हणतो. आपल्यापैकी अनेक जण दिवसभर नोकरीधंदा करून रात्री ही पुस्तिका उघडतात. काहींच्या हातांना तेव्हाही वंगणाचा वास येत असेल. त्यांना यातले अर्धे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, हे मी आधीच मान्य करतो. उरलेल्या अर्ध्यात माझी एक चूक आहे आणि ती सांगावी म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला आहे.

सोलापूर आणि थंडी हे दोन शब्द एका वाक्यात आले की बाहेरगावचा माणूस हसतो. आमच्या गावाची ख्याती उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि भरदुपारी नवी पेठही ओस पडते. परंतु डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे येथेही गारठा असतो. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, नंदीध्वजांची मिरवणूक निघते, आणि त्या दिवसांत पहाटे तलावाच्या कडेने जाताना कानटोपीची आठवण होते. उत्तरेकडच्या माणसाने या थंडीला थंडी म्हणू नये; पण १९८४ साली घेतलेल्या आमच्या स्कूटरला ती पुरेशी होती.

ही स्कूटर म्हणजे बजाज चेतक. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून ती बाहेर पडू लागली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे. त्या काळी आधी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावाचून ती मिळत नसे. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, गिरणीत कारकून होते. त्यांनी नोंदणी केली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. गाडी दारात आली तेव्हा मला मिसरूड फुटू लागले होते. चेतक सुरू करण्याचा अण्णांचा विधी ठरलेला असे. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, मग चोक ओढायचा, मग सारी गाडी स्वतःकडे कलती करून क्षणभर तशीच धरायची, जणू तिच्या कानात काही सांगायचे आहे, आणि मग किक. तीन-चार किकांत गाडी लागली नाही तर अण्णा उजवी मूठ पिळीत पिळीत किक मारू लागत. मग ती हमखास रुसे. असे का होते हे मला जवळजवळ चाळीस वर्षांनी कळले. ते पुढे येईलच.

थंड इंजिनाची नेमकी अडचण काय असते? पेट्रोल द्रवरूपात असताना इंजिनाच्या कामाचे नसते. त्याची वाफ हवेत मिसळली तरच ते ठिणगीने नीट पेट घेते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. हे मिश्रण तयार करण्याचे काम कार्बोरेटरचे. त्यात हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि त्या ओढीने बारीक छिद्रातून पेट्रोलचे तुषार उडतात. रबरी फुगा दाबून अत्तर उडवायची जुनी बाटली आपण पाहिली असेल, तर तत्त्व तेच. परंतु रात्रभर गार पडलेल्या इंजिनात या तुषारांपैकी पुष्कळसे थंड भिंतींना चिकटून बसतात, त्यांची वाफ होतच नाही. कार्बोरेटरने दिलेले माप बरोबर असते, आणि तरी ठिणगीपाशी पेट्रोल कमी पडते. म्हणून पहिल्या मिनिटभरापुरते ते मुद्दाम जास्त द्यायचे. ते देण्याची सोय म्हणजे चोक.

आता शब्दाकडे वळू. ती माझी खोड आहे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गळा आवळणे, श्वास कोंडणे. जुन्या मोटारींत ते अक्षरशः घडत असे. हवेच्या वाटेत एक चपटी झडप असे. ती मिटली की हवा कोंडली जाई, मागची ओढ वाढे आणि पेट्रोल अधिक येई. चेतकमध्ये मात्र कोणाचाही गळा आवळला जात नाही. तिच्या कार्बोरेटरात मुख्य वाटेच्या बाजूने एक लहानशी चोरवाट आहे, आणि एरवी ती एका दट्ट्याने बंद असते. खुंटी ओढली की तार ताणली जाते, दट्ट्या वर उचलला जातो आणि त्या चोरवाटेने जास्तीचे पेट्रोल थोड्या हवेसह इंजिनात शिरते. म्हणजे नाव कोंडण्याचे आणि काम वाट मोकळी करण्याचे! वस्तू बदलली तरी नाव टिकते, याची उदाहरणे आपल्या घरातही आहेत. ग्लास म्हणजे काच, पण आपण स्टीलच्या ग्लासातून पाणी पितो. शाई मुळात काळी, पण आपण निळ्या शाईने उत्तरपत्रिका लिहितो आणि लाल शाईने ती तपासली जाते. मराठीने तर या शब्दाला दोन आयुष्ये दिली. 'गटार चोक झाले' म्हणताना कोंडण्याचा मूळ अर्थ शाबूत असतो. 'चोक दे' म्हणताना तो पार उलटा होतो. एकाच गॅरेजात एकाच सकाळी 'जेट चोक झालाय' आणि 'चोक दे' ही दोन्ही वाक्ये बोलली जातात आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. अण्णा हा शब्द 'चोर' आणि 'चोच' यांतल्या दंततालव्य च-ने उच्चारीत, मी 'चहा'तल्या तालव्य च-ने. यावरून आमच्यात कोण अधिक शिकलेला हे शेजाऱ्यांना कळत असे. कार्बोरेटरला मात्र दोघेही 'काब्रेटर'च म्हणत होतो. वर्णलोपाचे उदाहरण द्यावयाचे झाल्यास हे देण्यास हरकत नाही.

आता चूक. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर मी रविवारची संपर्कसत्रे घेत असे. बी.ए.च्या वर्गात पस्तिशीतले एक विद्यार्थी होते. ते दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज चालवीत. सोलापूरच्या पूर्व भागात मागाच्या धंद्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या पद्मशाली समाजातले ते. घरची भाषा तेलुगू, शिक्षण मराठीतून, गिऱ्हाइकाशी बोलताना दखनी आणि गरज पडल्यास कन्नडही. 'माझा व्यवसाय' या विषयावर गृहपाठ लिहावयाचा होता. त्यांनी दोन पाने लिहिली. पहिलेच वाक्य होते: 'थंड गाडी चोक मागते.' पुढे गाडी चढाला दम खात होती, कचरा आल्यावर रेस घेत नव्हती, पिकअप धरत नव्हती आणि ऑइल जास्त झाल्यावर धूर ओकत होती.

मी 'मागते'खाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले: अचेतन कर्ता, क्रियापद अयोग्य, 'थंड इंजिनास प्रारंभी अधिक इंधनाची आवश्यकता असते' असे लिहावे. दोन पानांत अशा अकरा दुरुस्त्या झाल्या. मला त्यांचा अभिमानही वाटला असावा. वाक्यातून अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी लागतात असे आपल्या शास्त्रकारांनी सांगितले आहे; योग्यता नसल्याचे त्यांचे ठरलेले उदाहरण म्हणजे 'विस्तवाने शिंपतो'. शिंपण्याची योग्यता पाण्याला, विस्तवाला नव्हे. तशी मागण्याची योग्यता माणसाला, गाडीला नव्हे. त्या काट्यावर मी ते वाक्य तोलले. (कार्बोरेटर दिवसभर जे शिंपीत असतो ते विस्तवापासून एका ठिणगीच्याच अंतरावर असते, हे तेव्हा सुचले नाही.) पुढच्या रविवारी ते विद्यार्थी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही रविवारी नाहीत. प्रौढ विद्यार्थ्यांचे शिक्षण अनेक कारणांनी सुटते: धंदा असतो, आजारपणे असतात, लग्नकार्ये असतात. त्यांतले एक कारण मी माझ्या सोयीने निवडले आणि ती गोष्ट विसरून गेलो.

अण्णा गेल्यावर चेतक माझ्याकडे आली. दर पाच वर्षांनी तिची पुनर्नोंदणी करताना घरात वाद होतो, पण ती होते. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, परीक्षेच्या कामासाठी सकाळी लवकर महाविद्यालयात पोहोचायचे होते आणि गाडी लागेना. त्याआधी दोन महिने एका कारागिराकडे हीच तक्रार नेली होती. त्याने इकडचा तिकडचा स्क्रू फिरवून 'स्लो' वाढवून दिला होता. तेवढ्याने काही दिवस ती सुरू होई, पण सिग्नलला उभी असताना उगाच गुरगुरे आणि धूर सोडी. त्या पहाटे तेही थांबले. ढकलत निघालो. अशोक चौकाच्या पुढे एका गॅरेजचे शटर नुकतेच वर जात होते.

"या सर," शटर वर सारणारे गृहस्थ म्हणाले. मी त्यांना ओळखले, आणि ओळखल्याबरोबर ती अकरा लाल वर्तुळेही आठवली.

ते काही बोलले नाहीत. मी घाईघाईने गाडीची माहिती सांगू लागलो: प्लग नवा आहे, पेट्रोल नेहमीच्या पंपाचेच, ऑइल लिटरला वीस मिलिलिटर, त्याहून थेंब जास्त नाही. मिस्त्रींनी ते ऐकून घेतले, खुंटी दोन बोटांत धरली, कान गाडीजवळ नेला आणि ती सावकाश ओढून पुन्हा आत ढकलली. असे तीनदा केले. मग म्हणाले, "मागतीय की सर, पण तिला पोचंना झालंय. वायर वाढलीय."

त्यांनी इंजिनावरचे पत्र्याचे झाकण काढले, कार्बोरेटरची पेटी उघडली, हवेची जाळी बाजूला केली आणि मला वाकून बघायला सांगितले. खुंटी पूर्ण बाहेर आली तरी दट्ट्या अर्धाच उठत होता. तारेचे पदर वर्षानुवर्षे ताणून सैल झाले होते, आवरणाचे टोक उसवले होते. खुंटीचा पहिला निम्मा प्रवास तो ढिलेपणा भरून काढण्यातच जात होता. मी दोन हिवाळे पूर्ण चोक देत होतो आणि गाडीला अर्धाच मिळत होता. आधीच्या कारागिराने ती उणीव स्लो वाढवून झाकली होती. थंड गाडीला पहाटे मिनिटभर जे हवे, ते तिने दिवसभर पीत राहावे अशी ती व्यवस्था होती.

नवी वायर घातली. तिचे टोक स्क्रूखाली आवळण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडून खुंटी पूर्ण आत दाबून धरविली. तारेला ताण नको आणि झोलही नको. नखाच्या जाडीएवढी मोकळीक हवी. तार ताठ बसली तर खुंटी आत असूनही दट्ट्या बुडाला टेकत नाही, चोरवाट कायमची किलकिली राहते, प्लग काजळतो आणि पेट्रोल उडते. झोल राहिला तर पुन्हा पहाटेची तक्रार. या दोन चुकांच्या मध्ये एक-दोन मिलिमीटरची जागा आहे, आणि ती त्यांनी कसल्याही मोजपट्टीवाचून, तार बोटाने हलवून ठरविली. मग खुंटी ओढून दट्ट्या पूर्ण उठतो का ते पाहिले, सोडून पूर्ण बसतो का ते पाहिले. चोरवाटेचा जेट काढून पेट्रोलने धुतला आणि तोंडाने फुंकला. मी मदत म्हणून टाचणी पुढे केली तेव्हा त्यांनी माझा हात अडवला. "टोचायचं नसतं सर. भोक मोठं होतं, मग ती कायमच जास्त पिती." शेवटी मिश्रणाचा स्क्रू. तो हलक्या हाताने तळाला टेकवला आणि तेथून सैल करीत फेरे मोजले. मोजले ते तेलुगूत: "ओकटी", मग अर्धा फेरा, "ओकटिन्नर". माणूस कितीही भाषा बोलो, मोजणी बहुधा घरच्या भाषेत करतो. माझ्या प्रबंधात यावर एक टीप होती, पण स्क्रूड्रायव्हरच्या टोकाशी तिचे प्रत्यंतर प्रथमच मिळाले.

"आता तुम्हीच मारा किक. चोक ओढा. आणि मूठ सोडा."

मी अण्णांचा मुलगा. हात आपोआप मुठीकडे गेला होता. मग त्यांनी समजावून सांगितले. मूठ सोडलेली असते तेव्हा मुख्य वाट मिटलेली असते आणि किक मारल्यावर इंजिनाची सारी ओढ त्या चोरवाटेवर येते. मूठ पिळली की मुख्य वाट उघडते, ओढ तिकडून पुरवली जाते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. म्हणजे अण्णा इतकी वर्षे एका हाताने चोक देत होते आणि दुसऱ्या हाताने तो काढून घेत होते. दुसऱ्या किकला गाडी लागली. आवाज आधी भरदार होता. अर्ध्या-पाऊण मिनिटाने तो अडखळू लागला, घशात काही दाटल्यासारखा. "आता नको झालंय तिला. ढकला आत." मी खुंटी आत ढकलली आणि आवाज सरळ झाला. इंजिन नीट तापल्यावरच त्यांनी स्लो बसविला. थंड इंजिनावर बसविलेला स्लो खोटा असतो, म्हणाले.

मी मात्र केव्हाचा दुसरेच काही ऐकत होतो. मागतीय, पोचंना झालंय, नको झालंय. माझी आजी मंगळवेढ्याकडची. रब्बीच्या दिवसांत ती शेताच्या बांधावरून म्हणे, "ज्वारी पाणी मागायला लागली." कोणी म्हणेल की ज्वारी सजीव आहे. पण तीच आजी चुलीपाशी बसून आमटी चाखताना 'मीठ मागतीय' म्हणे, आणि पोपडे धरलेली भिंतही तिच्या मते चुना मागे. हा प्रयोग मराठीत जुना आहे, घराघरांत आहे, आणि भाषाशास्त्रात पदवी घेऊन मी तो एका गृहपाठात लाल शाईने खोडला होता. 'मागते' या क्रियापदात केवळ गाडी नसते. मागणे ऐकणारा आणि देणारा कोणी तरी तिच्याजवळ उभा असल्याखेरीज ते वाक्य बोललेच जात नाही. माझ्या दुरुस्त वाक्यात, 'अधिक इंधनाची आवश्यकता असते' यात, सारे शुद्ध होते. तेथे ऐकणारा मात्र कोणीच नव्हता.

मी म्हणालो, "तुमच्या त्या गृहपाठात मी काट मारली होती, ती चुकीची होती. तुमचं वाक्य बरोबर होतं."

ते चिंधीला हात पुसत होते. "राहू द्या सर. एवढंच की पोरगी म्हणत होती, बाबा तुमचे मार्क दाखवा. ते पान तिला दाखवलं नाही."

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. वायरचे पैसे आणि मजुरी त्यांनी नेहमीच्या दराने घेतली, आणि ते मला बरे वाटले. परीक्षेच्या कामाला मी पाऊण तास उशिरा पोहोचलो.

चोकचे दिवस आता भरत आले आहेत. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना धुराचे कडक निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता इंजिन किती थंड आहे हे एक संवेदक मोजतो आणि पेट्रोल किती द्यायचे ते गाडी स्वतःच ठरविते. त्याच वर्षाच्या आरंभी चेतकही पुन्हा बाजारात आली, पण विजेवर चालणारी. नाव पुन्हा टिकले, वस्तू पुन्हा बदलली. तिला किक नाही, पेट्रोलचा कॉक नाही आणि चोकही नाही.

त्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत मिस्त्री अभ्यासकेंद्रावर अर्ज घेऊन आले. कागदपत्रे तपासताना मी पाहिले, विषयांच्या रकान्यात समाजशास्त्र होते, मराठी नव्हते. मी कारण विचारले नाही. त्यांनीच सांगितले, हसत हसत: "मराठी नको सर. तिथं गाडीला मागायची परवानगी नाही."

अर्ज मी पुढे पाठविला. जाताना दाराशी उभ्या असलेल्या चेतकपाशी ते थांबले, वाकले आणि खुंटी एकदा ओढून पुन्हा आत ढकलून पाहिली.